कुत्रा पिंजरा चावतोय? नवा पिंजरा मागवण्याआधी या चुका टाळा

क्रेटच्या, म्हणजे कुत्र्याच्या तारेच्या पिंजऱ्याच्या, तारा वाकल्या, खालचा ट्रे कुरतडून झाला, की बहुतेक घरांत एकच निर्णय होतो: आणखी जाड तारांचा, दोन कड्यांचा क्रेट मागवायचा. कृपा करून एवढं करू नका. आधी तार वाकत होती, आता दात मोडेल. जाळी दातांत धरून ओढत राहणाऱ्या कुत्र्याच्या सुळ्यांची मागची बाजू झिजते. ओठ हलकेच वर करून बघा. सुळा पुढून अगदी धडधाकट दिसतो आणि मागे मात्र खाच पडलेली असते. एखाद्या दिवशी तिथूनच तो तुटतो. आतली नस उघडी पडली तर रूट कॅनल करा नाहीतर दात काढा, दोन्हीसाठी पूर्ण भूल द्यावी लागते. वाकलेल्या तारांत जबडा किंवा पंजा अडकतो तो वेगळाच. आणि क्रेटमध्ये गळ्यात पट्टा ठेवायचा नाही, कधीच नाही. तो जाळीत अडकून कुत्र्याला फास बसू शकतो.

कारण न शोधता उपाय करणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं, म्हणून इथे थोडा वेळ द्या. जुना मोबाइल समोर ठेवून रेकॉर्डिंग लावा, पायात चपला घालून बाहेर पडा आणि जिन्यातच थांबा. पहिली दहा-पंधरा मिनिटं बरंच काही सांगून जातात. घाबरलेला कुत्रा तुम्ही किल्ली उचलताच अस्वस्थ होतो. दार लागलं की धापा टाकतो, लाळेने छाती ओली करतो, कडीजवळचा एकच कोपरा धरून ओरबाडत राहतो. नुकताच फिरून आलेला असला तरी आत शू होते. समोर ठेवलेल्या चिकनच्या तुकड्याला तो तोंडही लावत नाही. कंटाळलेला कुत्रा आधी खाऊ संपवतो, एखादी डुलकी काढतो, मग उठून थोडं चावतो, थांबतो, पुन्हा चावतो. साधारण चार ते सात महिन्यांचं पिल्लू असेल तर दुधाचे 28 दात पडून पक्के 42 येत असतात. हिरड्या शिवशिवतात म्हणून ते हाताला लागेल ते चावतं.

हीच तपासणी क्रेटचं दार उघडं ठेवून पुन्हा एकदा करा, थोडाच वेळ. खोलीत मोकळा असताना तो निवांत पडून राहिला, तर त्याला भीती कोंडण्याची आहे. तेव्हाही मुख्य दाराची चौकट ओरबाडायला लागला, तर त्याला एकटेपणा सोसत नाही. दोन्ही दुखणी वेगळी आहेत. एकटेपणाने घाबरणाऱ्या कुत्र्याला क्रेटमध्ये घातलं की घबराट वाढते, घरातल्या वस्तू तेवढ्या वाचतात.

रस्त्यावर मोठा झालेला, मग दत्तक घेतलेला देशी कुत्रा यात विशेष भरडला जातो. त्याने कधी बंद दार पाहिलेलंच नसतं. त्याच्याबाबतीत ‘हट्टी आहे’ हा शब्द वापरू नका.

‘रडू दे, आपोआप गप्प बसेल’

लक्ष वेधायला दोन मिनिटं कुंई कुंई करणाऱ्या पिल्लापुरतं हे कदाचित चालेल. पण त्यालाही आधी शू लागली आहे का ते बघा. घबराटीत ओरडणारा कुत्रा गप्प बसतो तो दमून. दुसऱ्या दिवशी तो क्रेट दिसताच मागे सरतो.

घरी आल्यावर चावलेले तुकडे दाखवून रागावण्यातही अर्थ नाही. कान पाडून, अंग चोरून बसतो ते तुमचा आवाज ऐकून. दोन तासांपूर्वीच्या चावण्याशी तो ते जोडू शकत नाही. तारांना कडू स्प्रे मारला तरी आतली भीती तशीच राहते.

दार लावायची घाई

पहिले काही दिवस दार काढूनच ठेवा, किंवा सुतळीने मागे बांधा. क्रेट माणसं बसतात त्या हॉलमध्ये ठेवा. दोन्ही वेळचं जेवण त्यातच द्या, वाटी रोज थोडी आत सरकवा. तो स्वतःहून आत जाऊन आडवा पडायला लागला की जेवताना दार नुसतं लोटायचं आणि जेवण संपायच्या आत उघडायचं. कडीचा खट्ट आवाज अनेकांना नकोसा असतो. तो दार उघडं असतानाच वाजवा आणि लगेच खाऊ द्या, पुन्हा पुन्हा. मग दार लावून शेजारी बसा, मग स्वयंपाकघरापर्यंत जाऊन या, मग किल्ली उचलून परत ठेवा. कुठेही तो अस्वस्थ झाला तर एक पायरी मागे या.

यातला अवघड भाग असा की ही सवय लागेपर्यंत त्याला क्रेटमध्ये एकटं कोंडून जायचं नाही. एका दिवसाच्या घबराटीने आठवड्याची मेहनत वाया जाते. आजी-आजोबा, शेजारी, घरून काम, डे-केअर, जे जमेल ते त्या काळात जमवा.

तास, जागा, चघळायच्या वस्तू

पिल्लाच्या वयाचे महिने अधिक एक, एवढे तास ही लघवी धरण्याची कमाल मर्यादा समजतात. दिवसा त्याहून कमीच ठेवा. मोठा कुत्रा ऑफिसचे नऊ तास आणि वर रात्रभर आत, हे त्याच्यावर अन्याय करणारं आहे. पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राण्याला ठेवणं, आणि नेहमी कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं, या दोन्ही गोष्टी 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा म्हणून नोंदलेल्या आहेत.

एप्रिल-मे महिन्यात क्रेट गॅलरीत नको. वर चादर टाकली तर निदान दोन बाजू उघड्या ठेवा. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो, त्याला हवा लागते.

मटणाची शिजलेली नळी देऊ नका, तिचे टोकदार तुकडे होतात. अंगठ्याचं नख रुतत नाही इतकी कडक कोणतीही वस्तू दाताला घातक समजा. पोकळ रबरी खेळण्यात साधं दही आणि भात भरून गोठवा, ते बराच वेळ पुरतं. पीनट बटर वापरत असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलेलं नाही ना, ते बघा. ते कुत्र्यांसाठी विष आहे.

औषध शेवटी ठेवणं, किंवा स्वतःच देणं

स्वतःला जखम करून घेणाऱ्या कुत्र्याला व्हेटकडे उशिरा नेऊ नका, आणि रेकॉर्डिंग सोबत न्या. फ्लुओक्सेटिन, क्लोमिप्रामिन यांसारखी औषधं ही घबराट कमी करण्यासाठी वापरली जातात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि सराव सोबत चालूच ठेवावा लागतो. घरातली माणसांची झोपेची गोळी देऊ नका.

एवढं करूनही क्रेट मानवत नसेल तर सोडून द्या. एक खोली मोकळी करा, वायर आणि फिनाईल उचलून ठेवा, दाराला बेबी गेट लावा. पुष्कळ कुत्रे समोरचं दिसत राहिलं की शांत होतात. फक्त एक लक्षात ठेवा: नसबंदीसाठी किंवा सलाईनसाठी दवाखान्यात ठेवायची वेळ आली, तर हा पिंजऱ्यात घाबरतो हे भरती करतानाच डॉक्टरांना सांगा आणि जवळ बसायची परवानगी मागा.