घर विकायचंय? मग आधी किल्लीची सोय करा

डोंबिवली पूर्वेला मी रीसेलचे फ्लॅट दाखवते. भाव किती सांगायचा यावर घरातले सगळे महिनाभर खल करतात, पण पार्टी आली की दार कोण उघडणार हे कुणीच ठरवलेलं नसतं. माझ्या मते विक्रीच्या तयारीतलं पहिलं काम तेच आहे.

इथे घर बघायला येतात ते बहुतेक नोकरदार. कुणी ठाण्या-मुलुंडहून येतं, कुणी लालबाग-परळची खोली सोडून मोठी जागा शोधत असतं. शनिवार-रविवारी निघायचं आणि एका फेरीत चार-पाच घरं उरकायची, असा त्यांचा बेत असतो. तुमच्या दाराला कुलूप दिसलं तर ते ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणतात, आणि तोवर दुसरीकडे टोकन देऊन मोकळे होतात. त्यात रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असला तर अकराला येणारं कुटुंब एकला पोचतं. म्हणून रविवारी अर्ध्या तासाची वेळ देऊ नका. सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी पाच ते आठ एवढा वेळ मोकळा ठेवा. आजोबांची दुपारची झोप, मुलाचं बारावीचं वर्ष, हे सगळं मला समजतं. ‘दोन ते पाच कुणाला आणू नका’ असं स्पष्ट सांगितलंत तर मी तसंच जमवते. दर वेळी ‘घरात विचारून कळवतो’ म्हटलं, तर मात्र पार्टी निसटते.

घर रिकामं असेल आणि तुम्ही पुण्यात किंवा दुबईत असाल, तर एक किल्ली त्याच सोसायटीत ठेवा. समोरच्या काकूंकडे ठेवली तर सगळ्यात उत्तम, कारण त्यांना येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्षही ठेवता येतं. नुसती किल्ली ठेवायला कुठलंही मुखत्यारपत्र लागत नाही. व्यवहाराच्या सह्यांची गोष्ट वेगळी. सेक्रेटरी आणि वॉचमनला मात्र आधी सांगून ठेवा. गेटवर ॲपवरून परवानगी द्यावी लागत असेल तर तिथे दुबईचा नंबर ठेवू नका, किल्लीवाल्यांचा टाका. नाहीतर तुम्ही तिकडे मीटिंगमध्ये आणि पार्टी इकडे उन्हात उभी, असं होतं.

बंद घराबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. बाथरूमच्या नहाणीच्या जाळीखाली एक वाटी असते, तिच्यात पाणी साठून राहतं आणि ते गटाराचा वास अडवतं. घर काही आठवडे बंद राहिलं की ते पाणी वाळतं. मग दार उघडताच असा भपकारा येतो की पाहणाऱ्याला वाटतं, ड्रेनेजची लाइनच फुटली आहे. घरात दोष नसताना पार्टी नाक दाबून परत जाते. म्हणून किल्लीवाल्या काकूंना सांगा, आठवड्यातून एकदा बाथरूम, संडास आणि वॉशिंग मशीनच्या जागेतल्या जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि खिडक्या तासभर उघडा. महावितरणचं बिलही थकवू नका. ऑफिस सुटल्यावर आठला आलेल्यांना मोबाइलच्या टॉर्चवर घर दाखवायचं, तर ते घर आवडणार कसं?

भाडेकरू राहत असेल तर त्याच्याशी आधी नीट बोला. त्याला नवीन जागा शोधायची असते, डिपॉझिटची काळजी असते. डिपॉझिट कधी परत देणार ते सांगून टाका आणि येण्याच्या आदल्या दिवशी कळवण्याचा शब्द पाळा. जमलं तर शेवटच्या महिन्याच्या भाड्यात थोडी सवलत द्या. अकरा महिन्यांचा करार नव्याने होत असेल, तर ‘पूर्वसूचना देऊन घर दाखवता येईल’ हे कलम त्यातच घालून घ्या.

घर दाखवताना दागिने आणि मूळ कागदपत्रं कुलपात ठेवा. इंडेक्स टू (म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सची आणि मालमत्ता कराची पावती यांच्या झेरॉक्सची फाइल मात्र हॉलमध्ये हाताशी असू द्या. मग जरा बाजूला व्हा. त्यांना नळ सोडू द्या, खिडक्या उघडू द्या, बाल्कनीत उभं राहून नवरा-बायकोला आपसात बोलू द्या. सोफ्यावर बसून तुम्ही घराचं कौतुक सांगत राहिलात तर ते संकोचतात आणि दोन मिनिटांत चपला घालतात.

पितृपक्षात दाखवणं बंद करणारे मालक बरेच भेटतात. तसं करू नका. त्या पंधरवड्यात टोकन देत नाहीत, पण शांतपणे घरं बघून ठेवणारे असतात, आणि घटस्थापनेला किंवा दसऱ्याला त्यांचाच फोन येतो. पावसाळ्यातही दाखवा. जुलैत कोरडी भिंत पाहिलेल्या माणसाला लीकेजबद्दल वेगळं समजवावं लागत नाही.

टोकन मिळालं की काकूंकडची किल्ली लगेच परत घेऊ नका. घेणाऱ्याचं कर्ज असेल तर बँकेचा व्हॅल्युएशनवाला यायचा असतो, आणि तो सहसा कामाच्या दिवशी, भरदुपारी येतो.