हायड्रॉलिक ऑइल: ३२, ४६ की ६८?

मॅन्युअलमध्ये किंवा पंपाच्या प्लेटवर ग्रेड दिला असेल तर तोच वापरा, विषय संपला. अडचण येते ती जुन्या प्रेसवर किंवा मोल्डिंग मशीनवर, जिथे मॅन्युअल गहाळ आहे आणि पंपही कधीतरी बदललेला आहे. अशा वेळी ‘जाड तेल टाका, जास्त टिकेल’ हा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका.

ग्रेडचा आकडा म्हणजे ४० अंश सेल्सिअसला तेलाची व्हिस्कॉसिटी, म्हणजे जाडपणा, सेंटिस्टोक या एककात. पंपाला मात्र टाकीत जसं तापलेलं तेल असेल तसंच मिळतं. म्हणून आधी तापमान मोजा: मे महिन्यात, दुपारी, मशीन तीन-चार तास पूर्ण लोडवर चालल्यानंतर. चालू मशीनमध्ये बहुतेक पंपांना १६ ते ३६ सेंटिस्टोक मानवतात. साधं मिनरल तेल ६० अंशांना तपासलं तर ३२ नंबरचं १५-१६ वर उतरलेलं असतं, म्हणजे अगदी काठावर. ४६ चं साधारण २० वर येतं, ६८ चं २८-२९ वर. टाकी ५० ते ६० अंशांवर राहत असेल तर ४६ पुरतं. ६५ च्या वर जात असेल तर ६८ टाकण्याआधी कूलरची जाळी साफ करा आणि रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह) सतत उघडा राहतोय का ते बघा. तिथे दोष मशीनमध्ये असतो, तेल बदलून तो झाकला जातो एवढंच.

तेल जास्त जाड असेल तर सकाळी थंड असताना ते सक्शन स्ट्रेनरमधून (पंपाच्या आधीच्या जाळीतून) ओढलं जात नाही. पंप ओरडायला लागतो आणि आतल्या पृष्ठभागावर खड्डे पडतात. पातळ तेलाचं उलट: मशीन तापलं की सिलिंडर मंद होतो, प्रेशर टिकत नाही, आतली गळती तेल आणखी तापवते आणि तापलेलं तेल आणखी पातळ होतं.

वर्कशॉपमधल्या मशीनला डब्यावर एचएलपी किंवा एचएम लिहिलेलं अँटी-वेअर (झीज रोखणारं) तेल पुरेसं आहे. निफाडच्या कडाक्याच्या थंडीत पहाटे सुरू होऊन दुपारी उन्हात चालणाऱ्या मशीनला एचव्हीएलपी तेल घ्या, व्हिस्कॉसिटी इंडेक्स १४० च्या आसपास किंवा वर. हा इंडेक्स जितका जास्त, तितका तापमानानुसार जाडपणा कमी बदलतो. थोडं महाग पडतं, पण अशा कामाला तेच योग्य.

ट्रॅक्टरचं गणित वेगळं. अनेक ट्रॅक्टरमध्ये गिअर, हायड्रॉलिक आणि ऑइलमधले ब्रेक एकाच तेलावर चालतात. तिथे कंपनीने सांगितलेलं यूटीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या या सगळ्या भागांसाठी बनवलेलं तेलच हवं. साधं ६८ टाकलं तर ब्रेक कर्कश आवाज करतात आणि प्लेटा लवकर झिजतात. डाय कास्टिंगच्या भट्टीजवळ होज फुटून मिनरल तेलाचा फवारा उडाला तर तो पेट घेतो, म्हणून तिथे वॉटर-ग्लायकॉल हा सहज पेट न घेणारा, पाणी असलेला द्रव वापरतात. पण जुनं तेल काढून ते सरळ ओतू नका. टाकीचा रंग, जस्ताचा मुलामा आणि पॉलीयुरेथेनचे सील त्यात टिकत नाहीत.

टॉप-अपला वेगळ्या कंपनीचं तेल मिसळणं टाळा. झिंकचं (जस्ताचं) अ‍ॅडिटिव्ह असलेलं आणि झिंकविरहित तेल एकत्र आलं की गाळ धरून फिल्टर चोंदू शकतो.

नवं तेल स्वच्छच असतं असं समजू नका. बॅरलमधून टाकीत भरताना ते १० मायक्रॉनच्या फिल्टरमधून घाला. उघड्यावर उभा ठेवलेला बॅरल दिवसा तापतो, रात्री आकसतो आणि वर साचलेलं पावसाचं पाणी बुचातून आत ओढतो. त्यामुळे तो आडवा ठेवा, दोन्ही बुचं एकाच आडव्या रेषेत येतील असा. शंका आली तर गरम तव्यावर दोन थेंब टाका. तडतडले तर पाणी आहे.

भरताना सगळे सिलिंडर आत घेऊन लेव्हल पाहा. लोड न देता प्रत्येक सिलिंडर चार-पाच वेळा पूर्ण चालवून हवा काढा, लेव्हल पुन्हा तपासा आणि पहिल्या ५० तासांनी रिटर्न फिल्टर (टाकीत परतणाऱ्या तेलाचा) बदला.