तरुण चालकाची पहिली गाडी घेताय? या चुका टाळा

पहिल्या गाडीवरून घरात बहुधा दोन पक्ष पडतात. चालवणाऱ्याला पिकअप आणि रुबाब हवा असतो, पैसे देणाऱ्याला सगळ्यात स्वस्त गाडी. फसगत दोन्हीकडून होते. नवख्या हाताला मानवणारी गाडी बरीचशी कंटाळवाणी असते: टर्बो नसलेलं साधं पेट्रोल इंजिन, रस्त्यावर भरपूर दिसणारं मॉडेल, कसलाही फेरफार न केलेली, आणि आधीच्या मालकाने सर्व्हिसची बिलं फायलीला लावून ठेवलेली. अशी गाडी शोधताना लोक कुठे घसरतात ते पाहू.

कंपनीचं नाव पाहून डोळे मिटणं

"त्या कंपनीच्या गाड्यांना काही होत नाही" हे अर्धंच खरं. टिकाऊपणा ठरतो इंजिन, गिअरबॉक्स आणि उत्पादनवर्ष या तिघांवर. एकाच मॉडेलची पेट्रोल मॅन्युअल गाडी वर्षानुवर्षं निमूट चालते, आणि त्याच बॉडीतली ड्राय ड्युअल क्लच (ऑइलमध्ये न बुडणाऱ्या दोन क्लचची) ऑटोमॅटिक रोजच्या खोळंब्यात क्लच तापून झटके द्यायला लागते. म्हणून माहिती काढताना मॉडेलच्या नावासोबत इंजिन, गिअरबॉक्सचा प्रकार आणि वर्षही धरा. तोच दोष वेगवेगळे मालक सांगत असतील तर मनावर घ्या. नव्या पिढीचं मॉडेल आलं त्या पहिल्या वर्षाची गाडी शक्यतो सोडा. सुरुवातीच्या खोडी कंपनी पुढच्या एक-दोन वर्षांत काढत असते.

ऑटोमॅटिकच हवी असेल तर टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचऐवजी द्रवातून ताकद पोचवणारी) सर्वांत कमी त्रास देते. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) घ्यायला हरकत नाही, पण तिचं ऑइल वेळेवर बदलल्याची नोंद हवी. "हे ऑइल आयुष्यभर बदलावं लागत नाही" असं विकणारा म्हणाला, तर नोंद नाही असंच समजा.

डिझेलचा मोह मायलेजमुळे होतो. पण तरुण चालकाच्या फेऱ्या बहुतेक छोट्या असतात, आणि नव्या पद्धतीच्या डिझेल गाडीला नेमक्या त्याच सोसत नाहीत. धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर साफ व्हायला एक्झॉस्ट खूप तापावा लागतो. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं सलग वेगात गाडी चालावी लागते. पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्यांत ते काम दर वेळी अर्धवट राहतं, फिल्टर तुंबतो आणि गाडीची ताकद एकाएकी उतरते. काही इंजिनांत या अर्धवट प्रयत्नांतलं जास्तीचं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पातळी वाढलेली दिसली तर ते ऑइल पातळ झालेलं असतं.

आणि दहा-बारा वर्षं जुनी आलिशान गाडी? किंमत उतरते ती गाडीची. सुट्या भागांची आणि मजुरीची उतरत नाही.

सगळं बजेट गाडीतच ओतणं

ठरवलेल्या रकमेतले निदान 15 टक्के बाजूला ठेवा. ते कशाला लागतील हे आधीच ठाऊक आहे: इंजिन ऑइल आणि फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंट, वायपर, कदाचित बॅटरी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्यावर पेडल मऊ पडतं ते यामुळेच. दर दोन वर्षांनी ते बदलावं लागतं, आणि विकायला काढलेल्या गाडीत हे काम हमखास राहिलेलं असतं.

दोन मोठे खर्च मात्र सौदा ठरण्याआधी मोजायचे. पहिला टायरचा. टायरच्या कडेला डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. खाचा खोल दिसत असल्या तरी सहा वर्षांपुढचं रबर कडक होऊ लागतं, ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. खाचांच्या तळाशी 1.6 मिलिमीटर उंचीच्या खुणा असतात. टायर त्यांच्या बरोबरीने झिजला की संपला. झीज कुठे आहे तेही पाहा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा सतत कमी ठेवलेली. फक्त मध्य झिजला तर जास्त भरलेली. एकाच चाकाची आतली कड खाल्लेली असेल तर अलाइनमेंट (चाकांचा कोन) बिघडलंय किंवा सस्पेन्शनचा एखादा भाग वाकलाय, आणि हे दुसरं कारण अपघाताकडे बोट दाखवतं.

दुसरा खर्च टायमिंग बेल्टचा, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याचा. सगळ्या इंजिनांत बेल्ट नसतो, काहींत चेन असते. मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. बेल्ट असेल तर तो साधारण 60 हजार ते एक लाख किलोमीटरच्या दरम्यान, किंवा कंपनीने दिलेली वर्षं उलटली की, बदलायचा असतो. यातलं जे आधी येईल ते धरायचं. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतात आणि इंजिन खोलावं लागतं. "बेल्ट मागेच बदललाय" याला बिलाशिवाय अर्थ नाही. बिलात टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि बेल्टवरच फिरणारा वॉटर पंप असेल तर काम नीट झालंय.

मीटरवरच्या आकड्याला भुलणं

कमी किलोमीटर झालेली जुनी गाडी दोन कारणांनी फसवते. एक तर मीटर मागे फिरवलेलं असू शकतं. 40 हजार दाखवणाऱ्या गाडीत क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, स्टीअरिंगची कातडी चकचकीत आणि चालकाच्या सीटची बाहेरची कड बसलेली असेल, तर आकडा खोटा धरा. सर्व्हिसच्या बिलांवरची रीडिंग तारखेनुसार लावून पाहा. चढता क्रम मध्येच मोडला की उत्तर मिळालं. दुसरं म्हणजे मीटर खरं असेल, पण गाडी उभीच राहिली असेल. उभ्या गाडीत सील वाळतात, ब्रेकच्या डिस्क गंजतात, बॅटरी मरते, टायर एका बाजूला बसतात. दरवर्षी नेमाने चाललेली आणि नेमाने सर्व्हिस झालेली एक लाखाची गाडी अशा उभ्या गाडीपेक्षा केव्हाही बरी.

सुरक्षिततेचा हिशेब चुकवणं

नवखा चालक वळणावर वेग चुकवतो आणि घाबरून एकदम स्टीअरिंग फिरवतो. तिथे एअरबॅगच्या आधी उपयोगी पडते ती इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे ईएससी. गाडी घसरू लागली की ही यंत्रणा नेमक्या चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून तिला सरळ आणते. पहिल्या गाडीत ती असायलाच हवी. सनरूफ, मोठा स्क्रीन, अलॉय व्हील यांच्या बदल्यात ती सोडू नका. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) म्हणजे ईएससी नव्हे, आणि बऱ्याच मॉडेलांत ईएससी फक्त वरच्या व्हेरिएंटला मिळते, त्यामुळे हातात असलेल्या गाडीचा व्हेरिएंट तपासा.

क्रॅश टेस्टचे तारे वाचताना साल पाहा. चाचणीचे निकष वेळोवेळी कडक होत गेलेत, म्हणून जुने पाच तारे आणि अलीकडचे पाच तारे एका मापाचे नाहीत. शिवाय समोरासमोरच्या टकरीचे तारे साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांतच तुलना करायला उपयोगी. अगदी छोटी, हलकी गाडी नवशिक्याला सोपी वाटते, पण जड गाडीशी टक्कर झाली की मार तीच जास्त खाते. अमेरिकेतली आयआयएचएस ही रस्ते सुरक्षेवर काम करणारी संस्था किशोरवयीन चालकांसाठी गाड्यांची यादी काढते. तीत फार ताकदीच्या आणि फार छोट्या, दोन्ही गाड्या वगळलेल्या असतात. मधली, शांत इंजिनाची गाडी घ्या.

चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. जळत राहिला तर बिघाड आहे. लागलाच नाही तर जास्त वाईट, कारण एअरबॅग उडून गेल्यावर दिवाच काढून टाकण्याची युक्ती जुनी आहे. चेसिस नंबर देऊन रिकॉल (दोष काढायला कंपनीने गाडी परत बोलावणं) बाकी आहे का तेही विचारा. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचे इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारे भाग) उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं राहून खराब होत आणि उघडताना फुटून धातूचे तुकडे उडवत. त्यापायी जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या. त्यातल्या काही दुरुस्तीविना हातोहात विकल्या जातात. ही दुरुस्ती कंपनी फुकट करून देते.

गरम गाडी, ओली गाडी, घाईची चक्कर

पाहायला जाणार असाल तेव्हा गाडी आधी सुरू करून ठेवू नका असं सांगा, आणि पोचल्यावर पहिला हात बोनेटवर ठेवा. कोमट लागलं तर थंड इंजिनाची तक्रार लपवली जातेय का, अशी शंका घ्या. पावसात किंवा नुकत्या धुतलेल्या गाडीवर रंगातला फरक दिसत नाही. उन्हात, कोरडी पाहा.

बंद आणि थंड इंजिनावर कूलंटचं झाकण उघडा. गंजकट पाणी म्हणजे कूलंटऐवजी नळाचं पाणी भरलंय. वर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या दोन भागांमधल्या सीलचा) संशय. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली मळकट पांढरा फेस दिसला तर ते केवळ छोट्या फेऱ्यांमुळे साचलेलं बाष्पही असू शकतं. पण डिपस्टिकवरही तोच रंग असेल तर गाडी सोडून द्या.

मग सेल्फ मारा. पहिले एक-दोन सेकंद खडखड चालेल. ती टिकली तर चेन किंवा टेन्शनर झिजलाय. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. गोडसर वासाचा, न विरणारा पांढरा धूर म्हणजे कूलंट जळतंय. काळा धूर जादा इंधनाचा, आणि तो तिघांत सर्वांत स्वस्तात सुटतो.

बॉडीसाठी जाडी मोजणारं छोटं गेज मिळतं. कंपनीचा रंग साधारण 90 ते 150 मायक्रॉन असतो. एखाद्या पॅनेलवर आकडा कित्येक पटींनी वाढला तर खाली पुट्टी आहे. गेज नसेल तर बोनेटच्या आणि मडगार्डच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा शोधा, आणि सगळ्या काचांच्या कोपऱ्यातले ठसे जुळतात का पाहा. स्टेपनी काढून डिकीच्या तळाचा पत्रा बघा. चुण्या किंवा हाताचं वेल्डिंग म्हणजे मागून बसलेली धडक. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या भागावर गाळाची रेघ असेल तर गाडी पाण्यात बुडून आलीय, आणि अशा गाडीची वायरिंग पुढे कधी दगा देईल हे कुणीच सांगू शकत नाही.

चालवून पाहायला अर्धा तास हवा. मोकळ्या जागी स्टीअरिंग पूर्ण फिरवून हळू गोल मारा. कट-कट आवाज म्हणजे सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणारा सांधा) झिजलाय. चौथ्या गिअरमध्ये ताशी पन्नासच्या आसपास ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढले आणि वेग तिथेच राहिला तर क्लच स्लिप होतोय. ऑटोमॅटिकमध्ये डी मधून आर मध्ये टाकल्यावर गाडी विचार करत बसली किंवा धक्का बसला तर पुढे जाऊ नका. शेवटी एसी पूर्ण चालू ठेवून दहा मिनिटं उभी करा आणि तापमानाचा काटा बघत राहा.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) सोबत न्या. त्यात एकही बिघाड दिसत नाही, पण अंतर्गत तपासण्या "अपूर्ण" दाखवतात, तर बॅटरी काढली गेलीय किंवा कोड नुकतेच पुसलेत. आठवडाभर गाडी चालवून पुन्हा दाखवा म्हणावं.

कागदपत्रांत कर्ज फिटल्याची नोंद पाहा, आणि कागदावरचा व गाडीवरचा चेसिस नंबर अक्षरन् अक्षर जुळवा. विम्याचा हप्ता सौदा ठरण्याआधी विचारा, आणि विमा कंपनी विचारत असेल तर मुख्य चालक कोण ते खरं सांगा. तिथे हप्ता वाचवायला घरातल्या मोठ्यांचं नाव पुढे केलं तर ऐन वेळी दावा फेटाळला जाऊ शकतो.

घेतल्यानंतर पहिल्या महिन्यात

- ताशी 80 ते 100 ला स्टीअरिंग थरथरतं: आधी व्हील बॅलन्सिंग. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर डिस्क.
- गाडी एका बाजूला ओढते: हवा तपासा, मग अलाइनमेंट. थोडं चालवून एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं आढळलं तर कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) अडकलाय.
- उभ्या गाडीत तापमान चढतं, चालताना उतरतं: रेडिएटरचा पंखा. उलट, वेगात चढत असेल तर रेडिएटर, थर्मोस्टॅट किंवा वॉटर पंप.
- सकाळी सेल्फ टकटक करतो: टर्मिनल साफ करून घट्ट करा, मग व्होल्टेज मोजा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 च्या आसपास हवं, 12.2 ला बॅटरी निम्मी उतरलेली असते. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.7 मिळालं तर अल्टरनेटर ठीक.
- चेक इंजिनचा दिवा स्थिर जळतोय: सावकाश चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तो भाजतोय. गाडी बाजूला घ्या, बंद करा आणि टोइंगला फोन लावा.