एसी बंद, पंखा चालू: कॅमेऱ्याच्या आवाजाचं काय करायचं

मे महिन्यात गिरगावातल्या एका चाळीत शूट होतं, दहा बाय बाराची खोली, नवरा-बायको हळू आवाजात भांडतायत असा सीन. खिडक्या लावल्या कारण खाली टॅक्सीवाले आणि वर कावळे, फ्रिजचा प्लग काढला, सीलिंग फॅन बंद, एसी बंद. पहिले तीन टेक मस्त. मी साउंड रेकॉर्डिस्ट, चौथ्याला माझ्या हेडफोनमध्ये सूऽऽऽ सुरू झालं, मी हात वर केला तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जणू मीच आवाज करतोय. कॅमेऱ्याचा पंखा होता.

डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सर आणि प्रोसेसर तापतात, पंखा ती गरमी बाहेर फेकतो, खोली जेवढी तापेल तेवढा पंखा जोरात. आपण साउंडसाठी एसी बंद करतो, खोली तापते, पंखा वाढतो, म्हणजे एक आवाज घालवायला दुसरा आपणच बोलावतो. ऐरी ॲलेक्सा या कॅमेऱ्याच्या स्पेकमध्ये आवाज २० डीबीए (कानाला जाणवतो तसा मोजलेला डेसिबल) पेक्षा कमी लिहिलाय, लेन्सच्या पुढे १ मीटरवर, २४ फ्रेमला, पण सोबत अट आहे की आजूबाजूचं तापमान ३० डिग्रीपर्यंत पाहिजे. आता मेमध्ये मुंबईत, बंद खोलीत, लाइट लावून ३० डिग्री कुठून आणायचे ते सांगा.

काही करायच्या आधी आवाज नक्की कॅमेऱ्याचाच आहे का ते बघा. एलईडी लाइटमध्ये पंखा असतो, वायरलेस व्हिडिओच्या ट्रान्समीटरमध्ये पण बऱ्याचदा असतो, आणि कोणीतरी कोपऱ्यात बॅटरी चार्जर लावून ठेवलेला असतोच. हेडफोन घालून एकेक बंद करायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. मी एकदा अर्धा तास कॅमेरा अटेंडंटशी वाद घातला आणि शेवटी पंखा डोक्यावरच्या लाइटचा निघाला, त्या दादांना संध्याकाळी वडापाव खिलवावा लागला. बऱ्याच लाइटमध्ये सायलेंट मोड असतो, फक्त त्यात उजेड कमी होऊ शकतो म्हणून गॅफरला (लाइटच्या मुख्य माणसाला) आधीच सांगा.

कॅमेऱ्याचाच असेल तर मेन्यूत जा. म्हणजे तुम्ही नका जाऊ, अटेंडंटला किंवा फोकस पुलरला (फोकस सांभाळणाऱ्याला) सांगा, दुसऱ्याच्या कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. ॲलेक्सात फॅन मोड ‘रेग्युलर’ आणि ‘रेक लो’ असा असतो, रेक लोमध्ये रेकॉर्डिंग चालू असताना पंखा हळू होतो. सोनीच्या एफएक्स६ मध्ये ऑटो, मिन आणि ऑफ इन रेक. रेडच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत प्रिव्ह्यूचा आणि रेकॉर्डिंगचा स्पीड वेगळा ठेवता येतो. नावं वेगळी, गोष्ट तीच: टेक चालू असताना हळू, कट झाल्यावर जोरात.

पण यात एक गोम आहे आणि ती बऱ्याच जणांना एडिटवर बसल्यावरच कळते. पंख्याचा आवाज थोडा असला तरी चालतो, बदलता असला तर नाही चालत. एकसारखी हिस असेल तर ती पोस्टमध्ये (शूटनंतरच्या एडिट-साउंडच्या कामात) कमी होते किंवा ॲम्बियन्सखाली (मागच्या वातावरणाच्या आवाजाखाली) दबते, पण बायकोचा क्लोज-अप शांत आणि नवऱ्याच्या क्लोज-अपवर पंखा असेल तर प्रत्येक कटला आवाज उघडझाप करतो, आणि प्रेक्षकाला नक्की काय खटकतंय ते कळलं नाही तरी खटकतंच. म्हणून ऑटोवर सोडून देऊ नका. मॅन्युअल स्पीड असेल तर कॅमेरा झेपवेल असा एक कमी स्पीड ठरवा आणि पूर्ण सीन त्याच्यावरच काढा. ‘पूर्ण बंद’वाला ऑप्शन छोट्या टेकला ठीक आहे, पण आठ मिनिटांच्या टेकमध्ये मध्येच टेंपरेचर वॉर्निंग आली तर सगळे पुन्हा तुमच्याकडेच बघणार.

मग कॅमेरा थंड कसा ठेवायचा? दोन टेकच्या मध्ये एसी लावा, मी तर डायरेक्टरच्या असिस्टंटला सांगूनच ठेवतो की कट म्हटलं की एसी चालू, रोल साउंडच्या आधी बंद. (सेटवर एसी म्हणजे असिस्टंट कॅमेरामन पण असतो, त्यामुळे ‘एसी बंद करा’ ओरडल्यावर एकदा एक पोरगा बिचारा बाहेर जाऊन उभा राहिला होता.) पण एसीचा झोत थेट कॅमेऱ्यावर नको. थंडगार झालेला कॅमेरा नंतर बाहेरच्या दमट हवेत नेला की लेन्सवर वाफ धरते. लांब ब्रेक असेल तर कॅमेरा चक्क बंद करा, रिहर्सलसाठी तासभर चालू ठेवून काय उपयोग. हाय स्पीडचे (स्लो मोशनचे) शॉट डायलॉगच्या सीनआधी लावू नका, कॅमेरा तापूनच येतो.

आणि कृपा करून कॅमेऱ्यावर जॅकेट टाकू नका. जुन्या फिल्म कॅमेऱ्यांवर गादीसारखं कव्हर घालायचे, बार्नी म्हणायचे त्याला, कारण तिथे आवाज यंत्राच्या खडखडीचा होता. इथे व्हेंट (गरम हवा बाहेर जायची जाळी) झाकलं की पंखा अजून पिसाळतो. त्याऐवजी स्टँडवर एक जाड गोधडी लटकवा, व्हेंटच्या बाजूला, पण फूटभर लांब, म्हणजे गरम हवेला वाट मिळेल आणि आवाज भिंतीवर आपटून परत येणार नाही. खरंखुरं घर असेल तर गोधडी तिथेच मिळते, मावशी आनंदाने देतात.

आता माइक. तोंडापासून माइक दोन फुटांवरून एक फुटावर आणला की बोलण्याचा आवाज साधारण ६ डीबीने वाढतो, पंखा आहे तिथेच राहतो. म्हणजे बूम ऑपरेटरने (काठीवरचा माइक धरणाऱ्याने) फ्रेमच्या काठापर्यंत जायची हिंमत केली तर अर्धं काम झालं. डीओपी (मुख्य कॅमेरामन) ऐकणारा असेल तर लेन्स जरा लांबची लावून कॅमेरा मागे घ्यायला सांगा, छोट्या खोलीत भिंतींमुळे पूर्ण फायदा मिळत नाही पण थोडा मिळतो. लांब शॉटगन माइक खोलीत नको, भिंतीवरून येणारा पंखा ती विचित्रच पकडते, हायपरकार्डिओइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा माइक) लावा. त्याचा बहिरा भाग बरोबर मागे नसतो, माइकच्या समोरून मोजून साधारण ११० डिग्रीवर असतो, म्हणून बूम सरळ खाली न रोखता ॲक्टरच्या पुढून तिरका त्याच्याकडे रोखा, कॅमेरा आपोआप माइकच्या पाठीकडच्या बाजूला जातो. दोन इंच फिरवून हेडफोनमध्ये ऐका, फरक लगेच कळतो.

लो कटने (खालचे सूर कापणाऱ्या फिल्टरने) हे जाईल अशी आशा सोडा. पंखा मिनिटाला ३००० फेरे मारत असेल आणि ७ पाती असतील तर सूर येतो ३५० हर्ट्झला, म्हणजे माणसाच्या आवाजातच.

रेक लोवर असाल तर रोल झाल्यावर लगेच ॲक्शन नको, पंखा खाली यायला काही सेकंद लागतात. आणि रूम टोन (कोणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज) घ्याल तो कॅमेरा रोलवर ठेवूनच. कट म्हटल्यावर घेतला तर पंखा जोरात झालेला असतो आणि तो टोन एडिटमध्ये कुठेच बसत नाही. एक मिनिट, सगळे गप्प, कॅमेरा चालू. कार्ड भरतं म्हणून कुरकुर होईल, होऊ द्या.

भाड्याचा कॅमेरा असेल तर आदल्या दिवशीच, ज्या सेटिंगला शूट करणार त्याच सेटिंगला वीसेक मिनिटं चालवून माइक लावून ऐका. मुंबईची धूळ पंख्यात जाऊन बसते, बेअरिंग गेलेलं असेल तर किणकिण येते, तसं काही वाटलं तर बॉडी बदलून मागा. मी एकदा लाजलो आणि चार दिवस किणकिण ऐकली.

पोस्टमध्ये आयझोटोप आरएक्ससारखं आवाज साफ करणारं सॉफ्टवेअर आहेच, पण नॉइज प्रिंट (नुसत्या पंख्याच्या आवाजाचा नमुना) त्याच टेकच्या गप्प जागेतून घ्या आणि एकदाच ओरबाडून काढण्यापेक्षा दोनदा हलकं काढा, नाहीतर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो.

आणि तरी एखादा टेक वाया गेलाच तर पॅकअपची वाट बघू नका. कॅमेरा बंद करा, ॲक्टरला त्याच जागेवर, त्याच मूडमध्ये त्या ओळी तीनदा बोलायला लावा आणि वाइल्ड (कॅमेऱ्याशिवाय नुसता आवाज) घेऊन टाका. चाळीतल्या त्या भांडणाच्या शेवटच्या दोन ओळी अशाच आहेत, ओठ जुळवायला एडिटरची एक संध्याकाळ गेली, पण डबिंग स्टुडिओचं भाडं वाचलं.