पोरगं परदेशी अतिरेक्यांना जाऊन मिळालं, तर घरच्यांनी काय करायचं

अशा घरातली माणसं समोर बसली की पहिला प्रश्न ठरलेला: "वकीलबाई, त्याचं नागरिकत्व गेलं का हो?" नाही गेलं. ब्रिटनने २०१९ मध्ये आयसिस या अतिरेकी संघटनेला जाऊन मिळालेल्या शमीमा बेगमचं काढून घेतलं, त्या बातम्यांमुळे लोक धास्तावतात. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं नागरिकत्व काढून घेण्याचं कलम १० जन्माने नागरिक असलेल्याला लागूच होत नाही. पासपोर्ट मात्र जप्त किंवा रद्द होऊ शकतो.

नागरिकत्व राहिलं, म्हणून गुन्हाही पाठ सोडत नाही. यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, भारतीय नागरिकाला देशाबाहेरही लागू आहे. बंदी घातलेल्या संघटनेचा सदस्य ठरल्यास कलम ३८ खाली दहा वर्षांपर्यंत कैद, प्रत्यक्ष दहशतवादी कृत्यात गुंतलेल्या संघटनेत असल्यास कलम २० खाली जन्मठेपेपर्यंत.

तो गेल्याचं कळलं की त्याच दिवशी पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. बदनामीच्या भीतीने थांबू नका. त्याचा फोन, लॅपटॉप, चिठ्ठी आहे तशी ठेवा. चॅट पुसाल तर पुरावा नष्ट केल्याचा आरोप तुमच्यावर येईल. "तिकडून सुटायला पैसे पाठवा" असा निरोप आला, तर वकिलाला विचारल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

आता यूएपीएचंच कलम १९ नीट ऐका, कारण आयांना हे कुणी सांगत नाही. दहशतवादी आहे हे माहीत असून त्याला लपवलं, तर किमान तीन वर्षं, कमाल जन्मठेप. सूट फक्त नवऱ्याला किंवा बायकोला आहे. आई-बाप, भाऊ-बहिणींना नाही. मला हे क्रूर वाटतं, पण कायदा आज असाच आहे. म्हणून तो परत येतो म्हणाला, तर गुपचूप आणू नका. वकिलामार्फत भारतीय दूतावासाशी आणि तपास यंत्रणेशी बोला.

अटक झाल्यावर लगेच जामिनाची आशा धरू नका. आरोपपत्रासाठी मुदत १८० दिवसांपर्यंत वाढते आणि कलम ४३ड(५) मुळे जामीन फार अवघड होतो. कल्याणहून २०१४ मध्ये आयसिसला मिळायला इराकला गेलेल्या चौघांपैकी एक त्याच नोव्हेंबरात परतला. त्याचा जामीन मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कायम केला, तोही खटला रखडल्यामुळे.

वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.