हळदीकुंकवाचा फलक आणि सहावं बोट

बेळगावात खडेबाजारजवळ माझं फ्लेक्सचं दुकान. गेल्या संक्रांतीला एका मंडळाच्या हळदीकुंकवाचा फलक केला. एआयनं काढलेली बाई देखणी, पण तिळगूळ देणाऱ्या हाताला सहा बोटं! चौकात एका आजींनी मोजली. दुसरी छपाई माझ्या खिशातून.

आता आधी हातच बघतो. हाताची २७ हाडं यंत्राला ठाऊक नसतात. ते फोटो बघून अंदाज बांधतं. फोटोत हात बारका, अर्धा पदराआड, नाहीतर मुठीत. बोटाशेजारी बोट असतं एवढंच त्याला कळतं, मग काढतं अजून एक. २०२२चं स्टेबल डिफ्युजन हे चित्रं काढणारं एआय ५१२ पिक्सेलचं चित्र आतून ६४ बाय ६४ चौकटींवर घडवायचं. लांबच्या माणसाचा पंजा दोन-तीन चौकटींत उरकायचा. नवी मॉडेलं सुधारलीत, तरी गुंफलेली बोटं अजून फसतात.

चित्र दुप्पट मोठं करा, अंगठ्यापासून मोजा. आशीर्वादाचा उजवा तळवा समोर असेल तर अंगठा आपल्या उजवीकडे हवा. चुकला असेल तर अख्खं चित्र नव्यानं मागवू नका, चांगला चेहरा हातचा जातो. मनगटासकट तेवढाच भाग ब्रशनं निवडून एआयकडून परत काढून घ्या. चार-पाचदा करावं लागतं.

तरी जमेना? खिडकीच्या उजेडात खऱ्या हाताचा फोटो काढून चिकटवा. परवाच्या फलकावरचा हात आमच्या मंडळींचा आहे. त्यांनी अजून ओळखलेला नाही.