जेलिस्टमध्ये कोडमधून अनेक ओळी निवडताना या चुका टाळा

जावा स्विंगच्या (जावातल्या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीच्या) जेलिस्टमध्ये, म्हणजे पडद्यावर ओळींची यादी दाखवणाऱ्या घटकात, कोडमधून एकच ओळ निवडायची असेल तर फारसं काही अडत नाही. तीन-चार ओळी एकदम निवडायला गेलं की भानगडी सुरू होतात. शेवटची एकच ओळ निवडलेली राहते, लिसनर (निवड बदलली की चालणारा आपला कोड) उगाच चार-चार वेळा चालतो, नाहीतर डेटा रिफ्रेश झाल्यावर निवड भलत्याच ओळींवर जाऊन बसते. बहुतेक तक्रारींचं मूळ एकच आहे. निवड डेटाच्या मॉडेलमध्ये नसते, ती वेगळ्या सिलेक्शन मॉडेलमध्ये असते आणि तिथे फक्त ओळींचे क्रमांक असतात. त्या ओळीत काय लिहिलंय याच्याशी सिलेक्शन मॉडेलला काही देणंघेणं नसतं.

उदाहरणाला सोमवार ते रविवार अशी सात ओळींची यादी घेऊ. क्रमांक 0 ते 6.

लूपमध्ये ‘सेट’ वापरू नका

सोमवार, बुधवार, शुक्रवार निवडण्यासाठी लूपमध्ये तीनदा ‘सेट सिलेक्टेड इंडेक्स’ मारलं, तर शेवटी फक्त शुक्रवार उरतो. प्रत्येक ‘सेट’ आधीची निवड पुसूनच नवी करतो. ‘सेट सिलेक्टेड व्हॅल्यू’चंही तेच. त्याऐवजी 0, 2, 4 असा इंट ॲरे ‘सेट सिलेक्टेड इंडायसेस’ला द्या. आधीची निवड राखून भर घालायची असेल तर ‘ॲड सिलेक्शन इंटरव्हल’ वापरा. एकाच ओळीसाठी दोन्ही टोकांना तोच क्रमांक द्यायचा.

क्रमांकांऐवजी व्हॅल्यूंची यादी घेणारी मेथड जेलिस्टमध्ये नाही. मॉडेलवर लूप फिरवून जुळणाऱ्या ओळींचे क्रमांक आपणच गोळा करायचे. इथे ‘इक्वल्स’ (दोन ऑब्जेक्ट सारखे आहेत का ते ठरवणारी मेथड) घात करतं. तुमच्या क्लासमध्ये ते ओव्हरराइड केलेलं नसेल, तर डेटाबेसमधून नव्याने आणलेला तोच रेकॉर्ड जुन्या ऑब्जेक्टशी जुळत नाही. हव्या असलेल्या आयडींचा हॅशसेट करून आयडीच ताडून पाहणं जास्त खात्रीचं.

मोड तपासा

एका वेळी किती आणि कशा ओळी निवडता येतील हे जेलिस्टचा मोड ठरवतो. मूळ मोड मल्टिपल इंटरव्हल असतो, म्हणजे सुट्या ओळीही निवडता येतात. पण जीयूआय बिल्डरने (स्क्रीन मांडून देणाऱ्या टूलने) किंवा दुसऱ्या कोणी तो बदललेला असू शकतो, आणि मोड आड आला तरी एक्सेप्शन येत नाही. काय उरलं त्यावरून मोड ओळखता येतो. 0, 3, 4 द्या. सिंगल मोडमध्ये फक्त 4 राहील. सिंगल इंटरव्हलमध्ये (लागून असलेल्या ओळींचा एकच गट चालतो अशा मोडमध्ये) 3 आणि 4 राहतील, कारण 3 हा 0 ला लागून नाही म्हणून 0 गेला, आणि 4 हा 3 ला लागून आहे म्हणून जोडला गेला. तिन्ही राहिले तर मोडला दोष देऊ नका.

काहीच निवडलं गेलं नाही तर यादी तेव्हा भरली होती का ते बघा. यादीच्या आकाराबाहेरचे क्रमांक ‘सेट सिलेक्टेड इंडायसेस’ मुकाट्याने सोडून देतं. डेटा स्विंगवर्कर (वेळखाऊ काम मागे चालवणारा क्लास) आणत असेल तर निवडीची ओळ काम संपल्यावर चालणाऱ्या ‘डन’ मेथडमध्ये, मॉडेल भरल्यानंतर टाका. जेलिस्टला हात लावणारा कोणताही कोड इव्हेंट डिस्पॅच थ्रेडवरच (स्विंगचा स्क्रीन सांभाळणाऱ्या थ्रेडवरच) चालला पाहिजे, नाहीतर कधी चालतो, कधी नाही, आणि कारण सापडत नाही.

लिसनरचा गोंधळ

‘सेट सिलेक्टेड इंडायसेस’ आतून आधी सगळी निवड पुसतं आणि मग एकेक ओळ जोडतं. आधी काही निवडलेलं असेल, तर तीन ओळींसाठी लिसनर चार वेळा चालतो. त्यातल्या पहिल्या वेळी निवड रिकामी असते, म्हणून ‘गेट सिलेक्टेड व्हॅल्यू’ नल देतं. नल पॉइंटर एक्सेप्शन बहुधा इथूनच येतं. उपाय असा: आधी ‘सेट व्हॅल्यू इज ॲडजस्टिंग’ ट्रू करा, मग निवड करा, आणि फायनली ब्लॉकमध्ये ते फॉल्स करा. लिसनरच्या पहिल्याच ओळीत ‘गेट व्हॅल्यू इज ॲडजस्टिंग’ ट्रू असेल तर रिटर्न. खरं काम मग एकदाच होतं.

इव्हेंटमधले ‘फर्स्ट इंडेक्स’ आणि ‘लास्ट इंडेक्स’ म्हणजे निवडलेल्या ओळी नव्हेत. बदल कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंतच्या ओळींमध्ये झाला असू शकतो, एवढंच ते सांगतात. निवड हवी तर ‘गेट सिलेक्टेड व्हॅल्यूज लिस्ट’ घ्या. जुनं ‘गेट सिलेक्टेड व्हॅल्यूज’ जावा 7 पासून डेप्रिकेटेड आहे.

रिफ्रेश, सॉर्ट, इन्सर्ट

‘सेट मॉडेल’ आणि ‘सेट लिस्ट डेटा’ निवड साफ करतात. आधी आयडी जपून ठेवा, नंतर नव्या क्रमांकांवर निवड लावा. सॉर्टचं उलटं: मॉडेलमधल्या ओळी जागच्या जागी फिरवल्या तर निवड जुन्या क्रमांकांवरच राहते, म्हणजे माणसं बदलली तरी खुर्च्या त्याच. इलाज तोच.

इन्सर्टची खोड मात्र फार जणांना ठाऊक नसते. अनेक ओळी निवडता येतील अशा मोडमध्ये, निवडलेल्या ओळीच्या लगेच वर नवी ओळ घातली की तीही निवडली जाते. बुधवार निवडलेला असताना क्रमांक 2 वर काही घातलं तर नवी ओळ आणि बुधवार, दोन्ही निळे दिसतात. नवी ओळ ‘रिमूव्ह सिलेक्शन इंटरव्हल’ने काढून टाका.

निवडलेल्या ओळी डिलीट करताना मोठ्या क्रमांकाकडून लहानाकडे या. लहानाकडून मोठ्याकडे गेलात तर पहिली ओळ गेल्याबरोबर पुढचे सगळे क्रमांक एकने सरकतात आणि चुकीची ओळ उडते.

निवड होऊनही दिसत नसेल तर ती स्क्रोलच्या खाली असते. ‘सेट सिलेक्टेड इंडायसेस’ स्क्रोल करत नाही. त्यानंतर पहिल्या क्रमांकासाठी ‘एन्शुअर इंडेक्स इज व्हिजिबल’ बोलवा. अर्थात यादी जेस्क्रोलपेनमध्ये ठेवलेली असेल तरच त्याचा उपयोग होतो.